माइकचा रंग वगळून गिटार कॅबचा खरा आवाज आयआरमध्ये कसा आणायचा?

सहावी_तार

नमस्कार मंडळी. माझी साखळी अशी आहे: २० वॅटचा ट्यूब ॲम्प, त्याला रिॲक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पला खऱ्या स्पीकरसारखा भार देणारा डबा), तिथून लाइन आउट इंटरफेसला आणि पुढे प्लगइनमध्ये आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅब आणि माइकच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल). कॅब (स्पीकरची पेटी) बंद पाठीची १×१२, म्हणजे १२ इंची एक स्पीकर, आत सेलेस्टियन व्हिंटेज ३०, ८ ओहम. मिळणारे बहुतेक आयआर एसएम५७ किंवा रिबन माइक जाळीला टेकवून काढलेले असतात. गाण्यात ते छान बसतात. पण घरी मॉनिटरवर वाजवताना समोर कॅब आहे असं वाटत नाही, कॅबचं रेकॉर्डिंग ऐकतोय असंच वाटत राहतं. म्हणून स्वतःच्याच कॅबचा आयआर काढायचा विचार आहे. प्रश्न तीन.

१. ५७ चा प्रसिद्ध झालेला आलेख उलटा करून ईक्यूने लावला, तर माइकचा रंग निघून जाईल का?
२. मेजरमेंट माइकने काढायचा तर तो कुठे आणि किती अंतरावर ठेवायचा?
३. खोलीचा आवाज आत शिरू नये म्हणून काय करायचं? घर साधं दोन खोल्यांचं आहे.

ध्वनिवेध

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. आलेख उलटा करून रंग निघत नाही. जाळीला टेकवलेल्या ५७ मध्ये दोन वेगळे रंग एकत्र झालेले असतात. एक माइकचा स्वतःचा: ५ ते ६ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा आणि खाली उतरत जाणारा बास. दुसरा माइकच्या जागेचा, आणि हा दुसरा कितीतरी मोठा आहे.

१२ इंची कोन (स्पीकरचा हलणारा कागदी पडदा) वरच्या स्वरांत एकसंध हलत नाही. साधारण १ किलोहर्ट्झच्या पुढे त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या फेजमध्ये थरथरतात. २ सेंटिमीटरवर ठेवलेल्या माइकला समोरचा भाग जोरात ऐकू येतो आणि कडेचा भाग उशिरा व हळू. म्हणून माइक डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या घुमटीच्या) कडेवरून बोटभर सरकवला की आवाज पार बदलतो. माइक तोच, त्याचा आलेख तोच. दोन मीटरवर बसलेल्या माणसाच्या कानाशी मात्र सगळा कोन मिसळूनच पोचतो.

शिवाय ५७ ची प्रॉक्सिमिटी, म्हणजे माइक जवळ नेल्यावर वाढणारा बास, अंतरागणिक बदलते. लांबच्या अंतराचा आलेख उलटा करून जवळच्या आयआरला लावलात तर बास दुप्पट फुगेल. ते फुगणं नेमकं दुरुस्त केलंत, तरी हाती येणार तो 'सपाट माइक जाळीला टेकवला तर काय ऐकू येईल' याचा आयआर. तिथे कोणाचाही कान नसतो.

थोडक्यात, माइक बदलण्याआधी जागा बदला.

गच्ची_सेशन

वाखु (वाचनखूण) साठवली. मेजरमेंट माइक कोणता घ्यावा? आणि कॅबच्या अगदी समोर, मध्यरेषेवर ठेवायचा ना?

ध्वनिवेध

माइक ओम्नी (सगळ्या दिशांनी सारखा ऐकणारा) आणि कॅलिब्रेशन फाइलसकट (त्याच्या चुका दुरुस्त करणाऱ्या) असावा. ओम्नी प्रेशर माइकला प्रॉक्सिमिटी नसते, ही त्याची सर्वांत कामाची गोष्ट. डेटन ईएमएम-६ आणि मिनीडीएसपी यूमिक-१ या दोघांना सिरियल नंबरनुसार फाइल मिळते. पहिल्याला इंटरफेस आणि फँटम पॉवर लागते, दुसरा थेट यूएसबीवर चालतो. बेरिंगर ईसीएम८००० सुद्धा चालेल. गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो, त्यामुळे स्वस्त माइकच्या १० किलोहर्ट्झवरच्या चुका इथे फारशा आड येत नाहीत.

मध्यरेषेचं म्हणाल तर नाही, आणि हा मुद्दा लोक हमखास चुकवतात. कॅब जमिनीवर आहे, स्पीकरचं केंद्र ३० सेंमी उंचीवर, तुम्ही २ मीटरवर उभे, कान १६० सेंमीवर. अंश काढून बघा, कान अक्षापासून (स्पीकरच्या मध्यरेषेपासून) सुमारे ३३ अंश वर येतो. १२ इंची स्पीकरचा हलणारा व्यास जवळपास २६ सेंमी असतो. तरंगलांबी तेवढी होते १.३ किलोहर्ट्झवर, आणि त्याच्या पुढे आवाज पुढच्या दिशेला एकवटत जातो. त्यामुळे अक्षावर घेतलेला आयआर मॉनिटरवर कानात टोचतो. लोक म्हणतात 'फार फील्ड (लांबून काढलेला) आयआर कर्कश असतो'. कर्कश असतो तो अक्ष.

०, १५, ३० आणि ४५ अंशांवर मोजा. आरईडब्ल्यूमध्ये (रूम ईक्यू विझार्ड, मोजमापाचं सॉफ्टवेअर) १५, ३० आणि ४५ चा आरएमएस ॲव्हरेज (फेज सोडून फक्त पातळीची सरासरी) घ्या. शून्याचं मोजमाप ठेवून द्या, तुलनेला लागतं. व्हेक्टर ॲव्हरेज (फेजसकट सरासरी) घेऊ नका. अंतरात जरा फरक पडला की फेज एकमेकांना खातात आणि वरचे स्वर कृत्रिमपणे मंदावतात.

सहावी_तार

समजलं. आता खोली. १ मीटरवर मोजलं तर जमिनीचा परावर्तित आवाज येणारच की.

ध्वनिवेध

येणार, म्हणूनच दोन तुकड्यांत मोजायचं.

कॅब स्टुलावर चढवा, स्पीकरचं केंद्र १.२ मीटरवर आणा, माइक त्याच उंचीवर १ मीटर दूर. थेट आवाज १ मीटर चालतो, जमिनीवरून उसळलेला २.६ मीटर. फरक १.६ मीटर, म्हणजे सुमारे ४.७ मिलिसेकंद. छतही किमान तेवढंच लांब हवं, नाहीतर तेच आधी येईल. आरईडब्ल्यूमध्ये इम्पल्सची उजवी खिडकी (किती वेळापर्यंतचा आवाज घ्यायचा ती मर्यादा) शिखरापासून ४.५ मिलिसेकंदांवर बंद केली की खोली बाहेर राहते. याची किंमत अशी की सुमारे २२० हर्ट्झच्या खालचं काहीच विश्वासार्ह उरत नाही.

खालचा भाग निअर फील्डमधून (अगदी जवळून) घ्यायचा. कील यांनी १९७४ मध्ये मांडलेली पद्धत आहे: माइक डस्ट कॅपच्या केंद्रापासून ५ मिलिमीटरवर. इतक्या जवळ स्पीकर इतका मोठा ऐकू येतो की खोली नगण्य ठरते. सेंटिमीटरमधल्या व्यासाने १०९५० ला भागलं की या पद्धतीची वरची मर्यादा मिळते. २६ सेंमीला ती सुमारे ४२० हर्ट्झ. म्हणजे २२० ते ४२० हर्ट्झमध्ये दोन्ही मोजमापं खरी आहेत. सांधा ३०० वर घाला.

इथे पातळीकडे लक्ष द्या. निअर फील्डचा दाब १ मीटरपेक्षा २४ ते ३० डेसिबलने जास्त असतो. तीच पातळी ठेवली तर माइकचा सिग्नल क्लिप होईल (शिखरं छाटली जातील) आणि ते आलेखात सहज दिसणारही नाही. स्वीप (खालून वर चढत जाणारा मोजमापाचा सूर) किमान २० डेसिबलने कमी करून घ्या.

सांध्यात आणखी एक अडचण आहे. निअर फील्डला पेटीच्या पुढच्या फळीची रुंदी कळत नाही. मीटरमधल्या रुंदीने ११५ ला भागलं की बॅफल स्टेपची (फळीच्या रुंदीमुळे बासमध्ये पडणाऱ्या घटीची) मध्य वारंवारता येते. ५० सेंमीच्या पेटीला २३० हर्ट्झ. मोकळ्या हवेत त्याच्या खाली हळूहळू ६ डेसिबलची घट होते. प्रत्यक्षात कॅब जमिनीवर ठेवलेली असते आणि जमीन त्यातलं बरंच परत देते, म्हणून मी लो शेल्फ (खालचा सगळा भाग सारखा दाबणारी ईक्यू) -३ डेसिबलच धरतो. व्हिट्युइक्सकॅड या स्पीकर डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं मर्जर हे हिशेब नीट करतं आणि ते फुकट आहे. आरईडब्ल्यूच्या ट्रेस अरिथमॅटिकमध्येही मर्ज आहे, पण तिथे शेल्फ हाताने लावावा लागतो.

आठ_ओहम

ध्वनिवेध यांच्या लिखाणाला विजेच्या बाजूने जोड देतो. याकडे दुर्लक्ष झालं तर उत्तम मोजमापही वाया जातं.

स्वीप कोणत्या ॲम्पमधून सोडताय? ट्यूब ॲम्पची आउटपुट इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध, जो वारंवारतेनुसार बदलतो) जास्त असते, त्यामुळे त्याचा व्होल्टेज स्पीकरच्या इम्पीडन्सच्या मागे मागे वरखाली होतो. ८ ओहमचा स्पीकर बंद पेटीत १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास सहज ४० ओहमवर जातो. ॲम्पची आउटपुट इम्पीडन्स ८ ओहम धरली तर त्या जागी ४.४ डेसिबलचा उंचवटा येतो. निगेटिव्ह फीडबॅक नसलेल्या पेंटोड ॲम्पची ४० ओहम धरली तर तोच ९.५ डेसिबल होतो. वरच्या बाजूलाही कॉइलच्या इंडक्टन्समुळे असाच चढ येतो.

सहावी_तार यांचा लोड बॉक्स रिॲक्टिव्ह आहे, म्हणजे हा चढउतार त्यांच्या लाइन आउटमध्ये आधीच आलेला आहे. आयआरही ट्यूब ॲम्पमधून काढला तर तोच उंचवटा दोनदा लागेल. पाम म्यूट घुमायला लागतात आणि लोक दोष कॅबला देतात. म्हणून स्वीप साध्या सॉलिड स्टेट हायफाय ॲम्पमधून सोडा, टोन कंट्रोल आणि लाउडनेस बंद ठेवून.

लोड बॉक्स नुसता रेझिस्टिव्ह असेल तर उलटं करावं लागतं. आयआरच्या आधी ११० हर्ट्झवर +५ डेसिबल, क्यू (उंचवटा किती अरुंद ते) १.५ आणि १.५ किलोहर्ट्झपासून वर +४ डेसिबलचा शेल्फ. मग कानाने कमीजास्त करा.

पातळी: १ वॅट म्हणजे ८ ओहमवर २.८३ व्होल्ट. २०० हर्ट्झचा सूर सोडा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून टर्मिनलवर मोजा. साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झच्या वर चुकीचं दाखवतात, म्हणून २००.

आणि सावधान. स्पीकर टर्मिनलवरून संदर्भ सिग्नल घ्यायचा असेल तर १० किलोओहम आणि १ किलोओहमचा डिव्हायडर लावतात, २.८३ चे ०.२६ व्होल्ट होतात. पण टीपीए३११६ असलेले जे छोटे क्लास डी बोर्ड सर्रास मिळतात, ते ब्रिज्ड असतात. त्यांच्या स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, एकही तार ग्राउंड नसते. ती इंटरफेसच्या ग्राउंडला जोडलीत तर बोर्ड जळेल, कदाचित इंटरफेसही. त्यापेक्षा इंटरफेसचा एक आउटपुट ॲम्पला आणि दुसरा थेट आपल्याच इनपुटला परत द्या. यूमिकवाल्यांना हे जमत नाही, पण शेवटी आयआर मिनिमम फेजच (सुरुवातीचा उशीर काढून टाकलेला) करायचा असल्यामुळे त्यांचं काही अडत नाही.

कॅब ट्यूब ॲम्पपासून सोडवली की तो ॲम्प बंदच ठेवा किंवा लोड बॉक्सला जोडा. लोडशिवाय चालू ठेवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

ओपनबॅक

माझी कॅब उघड्या पाठीची आहे. निअर फील्ड चालेल का?

ध्वनिवेध

नाही. मागून येणारी उलट फेजची लाट पुढच्या बासला खाते, आणि ते खाणंच उघड्या कॅबचा स्वभाव आहे. डस्ट कॅपजवळच्या माइकला त्याचा पत्ताच लागत नाही. उघड्या कॅबसाठी आणि ४×१२ साठी ग्राउंड प्लेन पद्धत वापरा. ४×१२ ला ती का लागते? चार स्पीकरांचा आवाज मिसळायला पेटीच्या मोठ्या बाजूच्या तिप्पट अंतर लागतं. ७६ सेंमीच्या पेटीला ते २.३ मीटर होतं, आणि तेवढ्या अंतरावर घरात खिडकी फारच तोकडी पडते.

गच्ची किंवा मोकळं पटांगण हवं. कॅब फरशीवर ठेवा, माइक २ मीटरवर फरशीवरच आडवा, तोंड कॅबकडे, कॅप्सूल फरशीपासून १ सेंटिमीटरच्या आत. माइकच फरशीवर असल्यामुळे थेट आणि परावर्तित आवाज एकदमच पोचतात, कंगवा (आलेखात ओळीने पडणारे खळगे) तयार होत नाही, फक्त सगळीकडे सारखे ६ डेसिबल वाढतात. कॅब मागून किंचित उचलून अक्ष माइककडे वळवा, आणि अंश बदलायचे असतील तेव्हा कॅब फिरवा, माइक हलवू नका.

कठडा किती लांब हवा? माइकच्या मागे ४ मीटरवर असेल तर परावर्तन ८ मीटर जास्त चालून येतं, २३ मिलिसेकंद. बाजूला ४ मीटरवर असेल तर १८ मिलिसेकंद, म्हणजे ५५ हर्ट्झपर्यंत निर्धास्त. गिटारची जाडी तार ८२ हर्ट्झवर आहे, त्यामुळे हे पुरतं. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोलीसुद्धा भिंतच समजा. कॅबच्या मागेही तेवढीच जागा सोडा, उघड्या पाठीला तर नक्कीच.

गच्ची_सेशन

वाऱ्याचं काय? आणि शेजारपाजाऱ्यांचं? १ वॅटला व्हिंटेज ३० चा आवाज १ मीटरवर १०० डेसिबल होतो.

ध्वनिवेध

माइकवर फोम चढवा. वारा पडलेला असतो अशी वेळ निवडा, बहुधा पहाटेनंतर लगेच. सलग लांब स्वीप घ्या. आरईडब्ल्यूत ४८ किलोहर्ट्झवर १ एम (सुमारे दहा लाख सॅम्पल) लांबीचा स्वीप २२ सेकंदांचा होतो, २५६ के चा साडेपाच. लांबी चौपट केली की गोंगाट ६ डेसिबलने मागे पडतो. मग पाव वॅट पुरतो, म्हणजे १.४ व्होल्ट. मध्येच गाडीचा हॉर्न वाजला तर तो स्वीप टाकून द्या, ॲव्हरेजमध्ये घेऊ नका.

फेडरवाला

सगळं शास्त्र मान्य, पण मिक्सिंगच्या बाजूने विरोध नोंदवतो. ५७ बाजारात आला १९६५ साली. तेव्हापासून गिटारचा ओळखीचा आवाज म्हणजे जाळीला टेकवलेल्या माइकचाच आवाज. तो ५ किलोहर्ट्झचा उंचवटा गिटारला ड्रम आणि गाण्याच्या मधून वाट काढून देतो. तुमचा नैसर्गिक आयआर मिक्समध्ये टाकला की १५० ते ४०० हर्ट्झमध्ये बास गिटारशी भांडण सुरू होतं आणि वर धार उरत नाही. डबल ट्रॅक केलेल्या डिस्टॉर्शन गिटारला तर मी हा आयआर अजिबात लावणार नाही.

ध्वनिवेध

फेडरवाला, डबल ट्रॅकबद्दल पूर्ण सहमत. हा आयआर वाजवणाऱ्याच्या कानासाठी आहे: घरचा सराव, स्टेजवरचा वेज (पायाशी ठेवलेला मॉनिटर स्पीकर), कमी वाद्यांचं क्लीन रेकॉर्डिंग. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाजवताना हा ऐका आणि कोरा सिग्नल साठवून मिक्समध्ये ५७ चा लावा. तेवढं मान्य करूनही क्लीन आणि किंचित फुटणाऱ्या गिटारला मिक्समध्ये हाच आयआर सरस वाटतो, कारण बोटांचा जोर बदलला की त्यात आवाजाचा पोत बदलतो, नुसती धार नाही.

फेडरवाला

क्लीनपुरतं मान्य.

कोथरूडकर

माझ्याकडे कॅबही नाही आणि माइकही नाही, फक्त मॉडेलर (ॲम्प आणि कॅबची नक्कल करणारं यंत्र) आणि पॅरामेट्रिक ईक्यू. आयआर न वापरता जवळपास जाता येईल का?

आठ_ओहम

बऱ्यापैकी. कॅब बंद करून हे लावा आणि इथून पुढे कानाने ठरवा. ८० हर्ट्झवर दुसऱ्या ऑर्डरचा लो कट, क्यू १.२, म्हणजे कट होण्याआधी थोडी गाठ (उंचवटा) येते. तीच बंद पेटीची गाठ. ४०० हर्ट्झवर -४ डेसिबल, क्यू ०.८. २.५ किलोहर्ट्झवर +५, क्यू १. शेवटी ५ किलोहर्ट्झवर हाय कट, तो मात्र किमान २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह, जमल्यास ३६. बहुतेकांचं इथेच चुकतं. १२ डेसिबलचा उतार लावला की डिस्टॉर्शनची माशीसारखी गुणगुण शिल्लक राहते, मग ती घालवायला कट ३ किलोहर्ट्झवर ओढतात आणि आवाज गोधडीखाली जातो. उतार तीव्र ठेवा, कट खाली ओढू नका.

यात कोनचे बारीक चढउतार येत नाहीत, त्यामुळे आवाज जरा गुळगुळीत वाटेल. क्लीनला चालतं.

सहावी_तार

घरातली दोन्ही मोजमापं घेतली, ३०० वर सांधली, ॲव्हरेज केला. प्लगइनमध्ये आवाज बरोबर वाटतो, पण फ्लोअर युनिटमध्ये तोच आयआर टाकला की पातळ आणि किंचित वर सरकल्यासारखा वाटतो. काय पाहू?

ध्वनिवेध

आधी सॅम्पल रेट. ४४.१ ची फाइल ४८ वर चालणाऱ्या युनिटने रूपांतर न करता वाचली तर सगळी वक्ररेषा ८.८ टक्के वर सरकते. ११० ची गाठ १२० वर जाते. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो डब्ल्यूएव्ही करा.

मग लांबी. हेलिक्ससारखी युनिट १०२४ किंवा २०४८ सॅम्पल घेतात, म्हणजे २१ किंवा ४३ मिलिसेकंद. इम्पल्सच्या आधी शांतता राहिली असेल तर तीच जागा खाते आणि शेपटी कापली जाऊन बास पातळ होतो. २.३ मीटरच्या मोजमापात हवेतला उशीरच ६.७ मिलिसेकंद असतो. म्हणून आरईडब्ल्यूत मिनिमम फेज आवृत्ती तयार करून तीच निर्यात करा, म्हणजे शिखर पहिल्या काही सॅम्पलमध्ये येतं. युनिटमध्ये २०४८ चा पर्याय असेल तर तोच निवडा.

तुलना करताना दोन्ही आयआरची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. थोडा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. दुसऱ्या आयआरसोबत मिसळणार असाल तर पोलॅरिटीही तपासा.

सहावी_तार

२०४८ आणि मिनिमम फेज केल्यावर जुळलं. मॉनिटरवर आता कॅब समोर आहे असं खरंच वाटतंय. हेडफोनवर मात्र आवाज डोक्याच्या मधोमध अडकतो.

ध्वनिवेध

हेडफोनवर ते होणारच. खोली आपण मुद्दाम काढून टाकली आहे आणि हेडफोन ती परत देत नाही. मॉनिटर किंवा वेज आपापली खोली देतात, तिथे वेगळी घालायची नाही, नाहीतर दोन खोल्या होतात.

हेडफोनसाठी आयआरनंतर स्टिरिओ रूम रिव्हर्ब लावा: डिके ०.३ सेकंद, प्रीडिले ५ ते १० मिलिसेकंद, सुरुवातीची परावर्तनं जास्त आणि शेपूट कमी, पातळी मूळ आवाजाच्या १२ ते १५ डेसिबल खाली. हवं तर त्याआधी जमिनीची उसळी घाला. वरच्या उदाहरणातल्या उभ्या माणसाला ती १.१ मिलिसेकंद उशिरा पोचते. तेवढा डिले, ६ डेसिबल कमी, ३ किलोहर्ट्झवर हाय कट. ४५० हर्ट्झच्या आसपास एक खळगा पडतो आणि आवाज डोक्यातून खाली उतरतो. मिक्समध्ये मात्र ही उसळी घेऊ नका.

आठ_ओहम

एक मर्यादाही लिहून ठेवतो. आयआर रेषीय आहे. फारिना यांच्या २००० सालच्या लॉगरिदमिक स्वीप पद्धतीत स्पीकरचं डिस्टॉर्शन इम्पल्सच्या आधी वेगळं पडतं आणि आपण ते कापून टाकतो. मोजमाप स्वच्छ येतं ते त्यामुळेच. पण जोरात वाजवलेल्या २५ वॅटच्या ग्रीनबॅक स्पीकरचा कोन जो ओरडतो, तो यात नाही. कॉइल तापण्याचा परिणामही नाही. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे १०० अंश तापली की रोध ३९ टक्के जास्त आणि आवाज तेवढा दबलेला. तो दाब हवा असेल तर आयआरच्या आधी सौम्य कॉम्प्रेसर लावा: रेशो १.५, ॲटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज २०० च्या पुढे, जोरात वाजवल्यावर दीड-दोन डेसिबलच दाबला जाईल इतपत. आयआरनंतर लावू नका. तिथे कॉम्प्रेसर १०० हर्ट्झच्या गाठीवरच नाचत राहतो.

ओपनबॅक

उघड्या कॅबची पाठ ज्या भिंतीला लागून ठेवतो, त्या भिंतीचा आवाज आयआरमध्ये घ्यायचा का?

ध्वनिवेध

आयआरमध्ये नको, कारण तो अंतरावर अवलंबून आहे आणि एकदा आयआरमध्ये गेला की बदलता येत नाही. ग्राउंड प्लेनचा आयआर कोरा ठेवा. भिंत ३० सेंमीवर असेल तर मागची लाट भिंतीवरून परतून पेटीला वळसा घालत पुढे येते. ते वेगळ्या डिलेने करा: ३ मिलिसेकंद, पोलॅरिटी उलटी, ८ डेसिबल कमी, १ किलोहर्ट्झवर हाय कट. डिले २ ते ४ च्या मध्ये हळूहळू फिरवा. क्लीन आवाजात ई तारेवरची खालची पट्टी जिथे सर्वांत भरीव लागेल तिथे थांबा.